आधी मागवलेला शिरा

जोयानं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "फुफी, आज तू भांडणार नाहीस. घे शपथ."

"कारण असलं तरी?"

"कारण असलं तरी. आणि कारण असणारच आहे, आपण बाहेर नाश्त्याला चाललोय."

आता मी काही भांडकुदळ बाई नाही. रविवार पेठेत माझं बटणं, हुक, लेस, अस्तरांचं दुकान आहे. ते मी एकटीनं चालवते. गिऱ्हाईक आलं की नीट विचारते, "घ्यायचंय की नुसतं बघायचंय?" घ्यायचं असेल तर ठाण सोडते, बघायचं असेल तर काचेतून दिसतंच आहे. यात उद्धटपणा कसला? पण आपण कुठे पैसे देऊन खायला बसलो आणि समोरच्यानं आपल्याला खिजगणतीतही धरलं नाही, की माझं डोकं फिरतं. गेल्या वर्षी जोयाला बघायला काही मंडळी आली होती, तेव्हा एका कॅफेत मी वेटरला फक्त एवढंच विचारलं, की कॉफीची लागवड आजच केलीय का. त्यावर तो काही बोलला, त्यावर मी काही बोलले, मग मॅनेजर आला. ते स्थळ "कळवतो" म्हणून जे गेलं ते गेलंच. चूक वेटरची होती. माझं आजही तेच मत आहे.

पण या वेळची गोष्ट वेगळी होती. हा मुलगा जोयानं स्वतः पसंत केलेला. जुनेद त्याचं नाव, हडपसरला हिच्याच कंपनीत. जोयाची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून तिच्या वेण्या मी घातल्या, शाळेच्या मीटिंगांना मी गेले, तापात उशाशी मी बसले. माझा धाकटा भाऊ रियाज, म्हणजे तिचा बाप, याचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे. गाळ्यावर त्याचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येतो, पण पोरीच्या लग्नाचा विषय निघाला की याच्या घशातून शब्द फुटत नाही. म्हणजे बोलायचं असलं तर मीच, आणि मला तर शपथ घातलेली.

"जुनेदच्या अम्मींचा एक रिवाज आहे," जोयानं समजावलं. "फोनवर होकार वगैरे नाही. मुलीला स्वतःच्या हातानं गोड भरवलं की झालं. नाही भरवलं तर नाही. त्यांनी काही गोड मागवलं, की तू समजून जा."

एवढं बोलून तिनं माझ्या पर्समध्ये कागदाची पुडी सरकवली. वेलदोडे होते. "राग आला की एक तोंडात टाक. चावत बस. तोंड बंद राहील."

ठिकाण जुनेदनं निवडलं होतं. मुलीनं ट्रे घेऊन यायचं, सगळ्यांनी तिच्याकडे बघायचं, हे दोघांनाही नको होतं. म्हणून नारायण पेठेतलं एक साधं नाश्त्याचं दुकान ठरलं. तिथलं उपीट फार चांगलं म्हणे. दुकानाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही जाल, आणि मग माझ्या नावानं बोटं मोडाल.

रविवारची सकाळ होती, त्यामुळे दाराबाहेर गर्दी. गल्ल्यावर मालक बसले होते, रंगराव. आम्ही पाच जण आहोत असं म्हटल्यावर त्यांनी चौघांच्या टेबलाकडे हनुवटी उडवली.

"आम्ही पाच आहोत," रियाज हळूच म्हणाला.

"टेबल चारचंच आहे," रंगराव म्हणाले. जणू ते टेबल आम्हीच बनवून आणलं होतं.

जुनेद बिचारा कुठून तरी स्टूल ओढून वाटेतच बसला, आणि येणाराजाणारा प्रत्येक जण त्याला ढोपरानं ढकलत राहिला. त्याच्या अम्मी, आयेशाबेगम, माझ्यासमोर बसल्या. लोणी काळभोरला त्यांची रोपवाटिका आहे. नवरा गेल्यावर ती त्यांनीच वाढवली. हाताला मातीत काम करणाऱ्या माणसाचा खरखरीतपणा, चेहरा मात्र साखरेसारखा. बघताच मी घाबरले. इतक्या गोड बाईच्या घरात माझी पोर गेली, तर माझ्यासारख्या फुफीचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडणारच होता.

वेटर आला. संतोष त्याचं नाव, कारण रंगराव गल्ल्यावरून सतत "संतोष!" म्हणून ओरडत होते आणि हा सतत त्यांचं ऐकत नव्हता. मिशी भरघोस, कानाजवळचे केस पांढरे. पाण्याचे ग्लास त्यानं एका हातात आणले, प्रत्येक ग्लासात एकेक बोट बुडवून. मी पहिला वेलदोडा तोंडात टाकला.

"काय?" तो रस्त्याकडे बघत म्हणाला.

आम्ही उपीट सांगितलं, जोयानं साबुदाण्याची खिचडी सांगितली, आणि रियाजसाठी मी बिनसाखरेचा चहा सांगितला. तो गेला. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. मग पोहे आले.

"पोहे नव्हते सांगितले," रियाज म्हणाला.

"पोहेच आहेत," संतोष म्हणाला आणि गेला.

मी दुसरा वेलदोडा चावला. आयेशाबेगम म्हणाल्या, "असू द्या, भाऊ. पोहे बी चांगलेच असत्यात. कशाला त्येला तरास." आणि हसल्या. काय ते हसणं! मला मनातून वाटलं, ही बाई अन्याय सहन करण्यात मुरलेली दिसते. माझ्या जोयाला हिच्या घरात कुणी शिळं वाढलं, तर ही असंच म्हणेल, असू द्या.

तेवढ्यात माझ्या मानेवर गरम श्वास लागायला लागला. वळून बघितलं तर एक काका, ट्रॅकसूट घातलेले, कपाळावर घाम. सकाळचं चालणं उरकून आलेले असणार. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते माझ्या बशीत बघत होते. आमच्याकडे ही पद्धतच आहे. टेबल रिकामं व्हायची वाट बाहेर कुणी बघत नाही, खाणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून बघतात.

"झालंय का तुमचं?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडाशी इतकं सुंदर उत्तर आलं होतं! जोयानं टेबलाखालून माझा हात दाबला. मी तिसरा वेलदोडा टाकला आणि काकांकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. मग शेजारचं टेबल रिकामं झालं आणि काका तिकडे झेपावले.

खिचडी आली ती गार. उपीट शेवटपर्यंत आलंच नाही. रियाजचा चहा आला त्यात साखर होती, म्हणून परत पाठवला, तो परत गेला तो गेलाच. आम्ही खात असतानाच संतोषनं एका ओल्या कळकट फडक्यानं टेबल पुसलं, आणि पुसताना आयेशाबेगमच्या बशीतला एक शेंगदाणा बरोबर घेऊन गेला. त्या पुन्हा हसल्या. मी वेलदोडे चावत होते. माझ्या तोंडाला बासुंदीसारखा वास यायला लागला होता.

पण एक सांगते, या सगळ्यात गप्पा मात्र छान रंगल्या. जुनेद मोकळा मुलगा निघाला. लहानपणी अम्मीच्या रोपवाटिकेतली रोपं विकायला कसा बसायचा आणि झेंडू म्हणून शेवंती कशी विकून टाकायचा, ते त्यानं सांगितलं. रियाज हसला, चक्क मोठ्यानं, गाळ्यावरच्या आवाजात. जोयाचे डोळे चमकत होते. आयेशाबेगम तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हात वर केला आणि संतोषला म्हणाल्या, "दादा, एक शिरा आणा. चांगला, तूप सुटलेला."

जुनेदनं जोयाकडे बघितलं, जोयानं माझ्याकडे. शिरा म्हणजे गोड, आणि गोड म्हणजे होकार.

आम्ही वाट बघायला लागलो. सगळ्यांचं लक्ष आतल्या दाराकडे. संतोष दोनदा आला आणि दोनदा दुसऱ्याच टेबलांकडे गेला. शेवटी एकदाचा आमच्याकडे आला. हातात बशी होती.

"शिरा संपला," त्यानं पंख्याकडे बघत सांगितलं.

"आवो, पन आमी कवाच सांगितलाय," आयेशाबेगम म्हणाल्या.

"सांगितला असेल. संपला." आणि हातातली बशी त्यानं शेजारच्या टेबलावर ठेवली, ट्रॅकसूटवाल्या काकांसमोर. सोनेरी शिरा, कडेला तूप सुटलेलं, वर काजू. "हा शेवटचा," तो काकांना म्हणाला, आणि काकांनी लगेच चमचा घातला.

रियाज गडबडीनं उठला. "काही हरकत नाही, मी कोपऱ्यावरून पेढे घेऊन येतो."

"पेढे न्हाई चालायचे, भाऊ," आयेशाबेगम हळूच म्हणाल्या. त्यांचं हसणं गेलं होतं. "तोंडानं एक गोड मागितलं, आन ते सोडून दुसरं भरवलं, असं करत न्हाईत आमच्यात. माज्या सासूनं मला सांगितलंय. मागितलेलं गोड आडलं, की थांबायचं. बघू आता... पुढच्या येळंला."

पुढच्या वेळेला! "कळवतो" याचाच हा चुलतभाऊ. मी जोयाकडे बघितलं. ती मान खाली घालून बशीतले साबुदाणे एका बाजूला गोळा करत होती. लहानपणीही रडू आवरताना ती ताटात असंच करायची. मला संताप असा आला, की मी पुडीसाठी पर्सकडे हात नेला. पर्स पायाशी होती. मी खाली वाकले.

टेबलाखाली आयेशाबेगमच्या पायांशी कागदी रुमालांचा ढीग पडला होता. बारीक बारीक तुकडे केलेले, चुरगाळलेले, पिळलेले. आणि जुनेदनं आपल्या बुटानं त्यांचं पाऊल दाबून धरलं होतं, घट्ट.

मी वर आले. आयेशाबेगमकडे बघितलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या, आणि त्यांच्या हातात आणखी एक रुमाल होता, अर्धा फाटलेला.

मी विचारलं, "तुम्हालाही शपथ घातलीय का?"

त्यांनी जुनेदकडे बोट केलं. "डोक्यावर हात ठिवून घेतला माजा ह्येनं. म्हनला, अम्मी, आज कुनाशी भांडायचं न्हाई."

"मलाही. हिनं."

"अम्मी, प्लीज," जुनेद म्हणाला.

"फुफी, नो!" जोया म्हणाली.

"भांडायचं नाही, एवढीच शपथ आहे," मी म्हटलं. "विचारायचं नाही, असं कुठे ठरलंय?"

आयेशाबेगमनी जुनेदच्या बुटाखालून पाऊल सोडवलं आणि आम्ही दोघी एकदमच उठलो. मला त्या क्षणी ती बाई फार म्हणजे फार आवडली.

घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण भांडायला, म्हणजे विचारायला, मला मराठीच लागते. गल्ल्यासमोर जाऊन मी म्हटलं, "अहो, आमचा शिरा आधी मागवलेला होता."

रंगराव कुणाचं तरी पार्सल बांधत होते. "मग आधी मिळायला हवा होता."

"तेच म्हणतेय. नंतर आलेल्यांना मिळाला."

"त्यांना घाई होती."

"आणि आम्ही काय मुक्कामाला आलोय?"

"वाटतंय तसंच. बराच वेळ बसला आहात."

"बसलोय, कारन च्या यायचाय," आयेशाबेगम पुढे सरसावल्या. त्यांचा आवाज! रोपवाटिकेच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. "मी हितं आल्या आल्या बी पेरलं असतं तर आतापतुर कोंब आला असता!"

"मग रोपं घेऊन जा. शिरा नाही."

सगळं दुकान खायचं थांबून ऐकत होतं. ट्रॅकसूटवाल्या काकांनी शिऱ्याची बशी हातानं झाकून घेतली. मी दम घेतला की आयेशाबेगम बोलत होत्या, त्यांनी दम घेतला की मी. आधी ठरवून तालीम केली असती तरी इतकं जमलं नसतं.

तेवढ्यात आतल्या खिडकीतून एक घामेजलेला चेहरा बाहेर आला. रंगरावांच्या पत्नी, मुक्ताई. "काय आरडाओरडा लावलाय? दोन्ही आचारी जत्रेला म्हणून गावाला गेलेत, मी एकटी कशाकशाला पुरू? एवढीच घाई असेल ना, तर या आत, आणि भाजा तुम्हीच रवा!"

आता पुण्यात या वाक्याचा अर्थ एवढाच, की गप्प बसा. पेठांत वाढलेल्या कुणालाही ते शिकवावं लागत नाही. माझ्या दुकानात मीच दिवसातून दोनदा म्हणते, तुम्हीच या आत आणि काढा बटणं. आजपर्यंत एकही गिऱ्हाईक आत आलेलं नाही.

पण आयेशाबेगम लोणी काळभोरच्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि आत जाऊन म्हणाल्या, "कढई कुठं हाय?"

रंगराव अर्धवट उठले. "ओ बाई, आत कुठे?"

मुक्ताईंनी एकदा त्या मोठ्या बर्नरकडे बघितलं, एकदा न धुतलेल्या बश्यांच्या ढिगाकडे, आणि मग नवऱ्याकडे. "येऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही तरी कधी आलात का आत?"

मग मीही चपला काढल्या.

कढई घमेल्याएवढी होती. आयेशाबेगमनी तुपात रवा टाकला आणि उलथनं हातात घेतलं. दूध-पाणी उकळायला मी ठेवलं. मुक्ताई पलीकडे पोह्यांना फोडणी देत होत्या आणि आमच्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होत्या. रवा तांबूस व्हायला लागला तसा वास सुटला, आणि लगेच आमचं पहिलं भांडण झालं.

"साखर बास," मी म्हटलं.

"येवढ्यानं काय व्हतंय? शिरा हाय का सांजा?"

"रियाजला साखर चालत नाही."

"शिरा रियाजभाऊंसाठी न्हाई. पोरीसाठी हाय." आणि त्यांनी आणखी ओंजळभर ओतली. मी साखरेचा डबा त्यांच्याजवळ सरकवला. पोरीसाठी म्हणाल्या ना, मग ओता.

"वेलदोडे?" त्यांनी विचारलं.

"संपलेत," मुक्ताई म्हणाल्या.

मी पुडी काढली. तळाशी थोडे उरले होते. "सकाळपासून संतोषनं जेवढा राग आणला, तेवढे माझ्या पोटात गेलेत," मी खरं ते सांगितलं. आयेशाबेगम इतक्या हसल्या की उलथनं थांबलं, मुक्ताई ओरडल्या, "अहो लागेल खाली!", आणि मग त्याही हसायला लागल्या. उरलेले वेलदोडे मी कुटून सगळे त्यात घातले. पुडी चुरगाळून टाकली.

खिडकीत डोकी जमली होती. ट्रॅकसूटवाले काका सगळ्यांत पुढे. "ओ ताई, हा ताजा दिसतोय. मला अजून एक प्लेट मिळेल का?"

"दिसत नाही का, दोनच हात आहेत मला?" माझ्या तोंडून निघून गेलं. "झाला की मिळेल. जा, जागेवर बसा!"

काका मुकाट्यानं जागेवर जाऊन बसले. संतोष दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्या सकाळी पहिल्यांदाच हसला. मला थोडं लाजल्यासारखं झालं, पण थोडंच.

शिऱ्याची बशी आयेशाबेगमनी स्वतः बाहेर आणली. जोया उभी राहिली. तिचे डोळे लाल होते आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम. जुनेद पुन्हा ढकलला जाऊ नये म्हणून स्टुलासकट भिंतीला चिकटला होता. सगळं दुकान आमच्याकडे बघत होतं. खाणाऱ्यांच्या डोक्यावर उभी असलेली माणसंसुद्धा बश्यांतून नजर काढून आमच्याकडे बघत होती.

आयेशाबेगमनी चमचा नाही घेतला. बोटांनी घास उचलला, फुंकर घातली, आणि जोयाच्या तोंडात ठेवला. "आता तू माजी," त्या म्हणाल्या. "गोड जास्त झालंय का गं?"

"नाही, अम्मी," जोया म्हणाली. झालं होतं. चांगलंच झालं होतं.

मग तिनं स्वतः एक घास उचलून माझ्या तोंडात घातला. "फुफी, शपथ मोडलीस तू."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"बरं, आता शपथ संपली. बोल की काहीतरी."

सकाळभर जे तोंड कोंडून ठेवलं होतं ते आता मोकळं होतं, आणि त्यातून शब्द येईना. इतकी वर्षं ज्या पोरीला मी भरवत आले, ती आज मला भरवत होती, आणि लवकरच लोणी काळभोरला जाणार होती. मला आनंद झाला होता आणि मला ते सोसत नव्हतं. मी त्या भर गर्दीत, भिंतीकडे तोंड करून, रडायला लागले. रियाज नुसता माझ्या पाठीवर हात ठेवून "आपा, आपा" करत राहिला.

गल्ल्यावरून आवाज आला, "ओ, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा. लोक टेबलासाठी खोळंबलेत."

मी डोळे पुसायच्या आत आयेशाबेगम गर्रकन वळल्या. "रडतील त्या. पोटभर रडतील, हितंच बसून," त्या म्हणाल्या. "आन टेबल आमी सोडत न्हाई. आमचा च्या यायचाय अजून."

मी पदरानं नाक पुसलं, आणि त्यांच्या बाजूनं बोलायला तोंड उघडलं.